योलीनच्या शेजारची खुर्ची

वुबिनाला आयुष्यात कुणी कधी साधी चापटही मारलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कामाबद्दल ऐकलं की लोक तिला पहिलं हेच विचारतात. ती हसून सांगते, नाही हो, माझा नवरा माशीसुद्धा मारायचा नाही, मलाच मारावी लागायची. तिच्या मागे एखादं दुःख असतं तर मी तिला समजून घेतलं असतं, माझ्या पोटात इतकं दुखलं नसतं. पण तसं काहीही नाही. बाईला समोरच्या घरात काय चाललंय ते बघायचं होतं, म्हणून ती आली.

समोरचं घर म्हणजे आमचं. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठीचा निवारा. मी तिथली प्रमुख. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या पूर्वेला, कालव्याकाठी विटांच्या घरांची एक रांग आहे, तिच्यात मधोमध आम्ही. दारावर पाटी नाही, पत्ता कुणाला सांगायचा नाही, पाहुणे आणायचे नाहीत आणि पडदे कायम ओढलेले. हे नियम मी केलेले नव्हते, पण इतकी वर्षं ते पाळायला लावले मीच.

आता आमच्या भागात पडदे ओढतं कोण? रस्त्याने जाणाऱ्याला घरातला सोफा, कुंड्या, टेबलावरचे बटाटे सगळं दिसतं, आणि ते दिसावं अशीच सगळ्यांची इच्छा असते. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, असं त्यातून सांगायचं असतं. पडदे ओढायचे ते फक्त घरात कुणी गेलं तर. म्हणजे आमचं घर त्या रांगेत बारा महिने सुतकात, आणि मी समजत होते की आम्ही लपलोय.

वुबिनाचं घर बरोबर समोर. पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान. तिचा बाप कालव्यावरचा पूल उघडायचा आणि बंद करायचा. बोट आली की ही पोरगी कठड्यावर लटकून विचारणार, कुठून आलात, आत काय भरलंय, घरी कोण कोण असतं. शाळेत ती रमली नाही. यान-डेर्क नावाच्या बसचालकाशी लग्न केलं, मुलं झाली नाहीत, आणि एका हिवाळ्यात तो बसमध्येच, गाडी नीट थांब्यावर लावून, गेला. तेव्हा तिचे पडदे बंद होते. मग एका सकाळी ते उघडले आणि खिडकीत पुन्हा तीच लाल फुलांची कुंडी दिसली. संपलं तिचं चरित्र. कुणी त्यावर दोन ओळी लिहिणार नाही. मी लिहितेय, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही.

तिला आमच्या घरात आणलं मीच, हे आणखी एक. एक बाई आली होती, तिचे केस नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापून टाकले होते. बेकरीतल्या पोऱ्याने तिच्या केसांची तारीफ केली, एवढंच निमित्त. त्या अवस्थेत ती खोलीबाहेर यायला तयार नव्हती. मी रस्ता ओलांडून वुबिनाकडे गेले आणि म्हटलं, भाची आलीय माझी, घरी येऊन जरा तिचे केस नीट करून देशील का.

वुबिनाने कंगवा खाली ठेवला. "रूल्फीन, तुला भाच्या फार गं," ती म्हणाली. "आणि एकीचं तोंड दुसरीसारखं नाही."

मग तिने मला सांगितलं की अख्ख्या गल्लीला पहिल्यापासून माहीत आहे. आमच्या बाजूचा म्हातारा हार्म सकाळी गवत कापायचं यंत्र लावत नाही, ते आमच्याकडची मुलं झोपलेली असतात म्हणून. अनोळखी गाडी हळूहळू फिरताना दिसली की कुणी ना कुणी बादली घेऊन बाहेर येतं आणि धुतलेली खिडकी परत धुतं. कुणी आम्हाला काही विचारलं नाही, कारण आम्हाला ते आवडणार नाही असं त्यांना वाटलं. मी तिथे आभार मानायला हवे होते. मला राग आला.

तर वुबिना आली, आपली पिशवी घेऊन, मागच्या दाराने. आमच्याकडे पुढचं दार लग्नाला आणि मयताला. बाकी सगळे बागेतून मागे येतात, स्वयंपाकघरात पाऊल टाकत "आहे का कुणी?" म्हणून ओरडतात, आणि आतून कुणीतरी "ये ये" म्हणतं. आमच्या पुढच्या दाराला कॅमेरा होता, दोन कुलपं होती, शहरातून माणूस येऊन ती तपासून जायचा. मागच्या दाराला एक कडी. ती कुणी लावत नव्हतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलासुद्धा.

सोमवारी तिचं दुकान बंद, म्हणून सोमवारी ती आमच्याकडे. बायका तिच्यापुढे केस धुवायला भांड्यात डोकं वाकवायच्या आणि बोलायला लागायच्या. माझ्यासमोर त्याच बायका खुर्चीच्या कडेवर बसून नाव, जन्मतारीख आणि "बरं आहे" एवढंच सांगत. मी शिकलेय कसं बोलायचं. आवाज खाली ठेवायचा, मत द्यायचं नाही, घाई करायची नाही. वुबिना भांड्यावर वाकून म्हणायची, काय बावळट माणूस आहे गं तुझा, आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. मी पॅसेजमध्ये टॉवेल घेऊन उभी असायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

बरं, ती शहाणी होती असंही नाही. एकदा तिने एका बाईला सांगितलं, तो फोनवर इतका रडतोय तर दे त्याला आणखी एक संधी. ती बाई गेली, आणि ओठ फुटून परत आली. तिला पुन्हा उभं करायला मला सबंध हिवाळा लागला. आणि जाताना त्या बाईने फुलं कुणाला दिली? वुबिनाला. मला हात दिला, आभार मानले, अगदी रीतसर.

योलीन आली ती पुढच्या शरद ऋतूत. रोपवाटिकेत कामाला होती, तिशीतली, हडकुळी, नखांत अजून माती. तिचा नवरा मार्निक्स पोरांना फुटबॉल शिकवायचा, गावात त्याला वाईट म्हणणारा एक माणूस सापडला नसता. घरी आली की तो तिच्या कोटाचा वास घ्यायचा. आज कुणाशी बोललीस, तो काय म्हणाला, तू का हसलीस. शेवटी तर ती रोपांशी बोलते म्हणूनही त्याने तिचं मनगट पिरगळलं होतं. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी मान डोलवत होते, आणि त्याच वेळी माझ्या मनात चाललं होतं की हिने हे वुबिनाला आधी सांगितलं असेल की मला. मत्सर काय असतो ते मला कुणी शिकवायला नको.

योलीनसाठी मी पोलिसांकडे गेले, डॉक्टरकडे गेले, तिच्या मालकाशी बोलून तिची जागा राखून ठेवली. मला ती "तुम्ही" म्हणायची. वुबिनाला आठवड्याभरात "वुब" म्हणायला लागली. सोमवारी दुपारी ती खिडकीपाशी उभी राहायची आणि पडद्याच्या फटीतून समोरच्या दुकानाकडे बघायची. त्या फटीवरून मी तिला रागावलेही, नियम आहे म्हणून. नियम होता हे खरंच, पण रागावण्याचं कारण तो नव्हता.

मग तिचा वाढदिवस जवळ आला.

वाढदिवस म्हणजे आमच्याकडे काय असतं ते आधी सांगते. जिचा वाढदिवस तिच्या खुर्चीला कागदी माळा बांधतात, बाकीच्या खुर्च्या गोल मांडतात, आणि येणारा प्रत्येक जण सगळ्यांशी हात मिळवत गोल फिरतो. अभिनंदन फक्त तिचं करायचं नसतं. आईचं, बहिणीचं, शेजारणीचंही करायचं. "योलीनबद्दल अभिनंदन." जणू योलीन त्या सगळ्यांनी मिळून कमावलेली. त्या गोलात तुमचं कोण कोण आहे ते वर्षातून एकदा सगळ्यांसमोर ठरतं. आणि आमच्या निवाऱ्यात वाढदिवसाला काय असायचं? केकचा एक तुकडा आणि बंद पडदे. मार खाऊनही न डगमगलेल्या बायका मी वाढदिवसाला परत गेलेल्या पाहिल्यात.

मार्निक्सला पत्ता ठाऊक नव्हता, पण योलीनच्या आईचा फोन ठाऊक होता. त्याने आईजवळ निरोप ठेवला की शनिवारी घरी सगळे येणार आहेत, तिची खुर्ची सजवलेली असेल, तिने फक्त यावं, कुणी काही विचारणार नाही. आईने तो तसाच पोचवला. योलीन मला म्हणाली, मी फक्त कॉफीपुरती जाऊन येते. मी समजावलं, मागचं सांगितलं, पुढचं सांगितलं. कॉफीपुरती गेलेली एकही बाई त्याच दिवशी परतलेली मला आठवत नव्हती, आणि त्यांतल्या एकीचा पुढे हात कायमचा अधू झाला होता, तेही सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिची बॅग पलंगाखालून बाहेर आलेली मला दिसत होती.

सोमवारी वुबिना आली, योलीनच्या डोक्याला साबण लावला आणि म्हणाली, "मग गोल इथेच मांडू की. खुर्च्या गल्लीतून आणू."

मी जागच्या जागी नाही म्हटलं. पाहुणे नाहीत, पत्ता नाही, नियम आहेत. वुबिनाने हात पुसले, माझ्याकडे वळली आणि मुद्दाम तुम्ही-तुम्ही करत म्हणाली, "मॅडम, ती तुमच्या नियमात बसून एकटी केक खाणार नाही. ती त्याच्याकडे जाणार. कुठला गोल हवा ते तुम्ही ठरवा."

योलीन डोक्याला टॉवेल गुंडाळून माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. ती मार्निक्सकडे गेली असती तर माझ्या जिवाला लागलं असतं, आणि वुबिनाने तिला थांबवलं तर तेही लागणार होतं. या दोन्हींतलं जास्त काय लागत होतं ते विचारू नका.

जे करायचं ते नीट करायचं म्हणून मी घरातल्या प्रत्येक बाईला विचारलं. ज्यांना नको होतं त्या मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर थांबणार होत्या. पोलिसांना कळवलं, त्यांनी गाडी गल्लीतून फिरवू असं सांगितलं. शनिवारी दुपारी वुबिनाने पडदे उघडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरच्या खोलीत ऊन आलं, आणि सगळ्यांना फर्निचरवरची धूळ दिसली. गल्लीतले लोक बागेतून खुर्च्या उचलून आले. कुणी सॉसेज आणलं, कुणी चीजचे तुकडे, हार्मने ब्रँडीत मुरवलेल्या मनुकांची बरणी. योलीनची आईही आली, योलीननेच हट्ट धरला म्हणून.

माळा बांधलेल्या खुर्चीत योलीन. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला अर्थातच वुबिना. मी पाचवी की सहावी, रेडिएटरजवळ. लोक गोल फिरत होते, हात मिळवत होते. "वुबिना, योलीनबद्दल अभिनंदन." ती बाई मान झुकवून घेत होती, सख्खी मावशी असल्यासारखी. माझ्यापर्यंत येईपर्यंत लोक केकबद्दल बोलायला लागायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोलिसांकडे कोण गेलं होतं? डॉक्टरच्या बाहेर कोण बसलं होतं?

वुबिना कॉफी आणायला उठली. मी उठले, तिची पिशवी खुर्चीवरून खाली ठेवली आणि तिच्या जागी बसले. योलीनने माझ्याकडे पाहिलं आणि जरा हसली. मला वाटतं माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "आहे का कुणी?"

वुबिना कपाटात डोकं घालून साखर शोधत होती. "ये ये, आत ये," ती न बघताच ओरडली.

तो आत आला. हातात फुलं, अंगावर इस्त्रीचा शर्ट. आईच्या गाडीमागून आला होता, हे नंतर कळलं. वुबिनाने एका हातात कॉफीचं भांडं धरून दुसरा हात पुढे केला, त्याने तो हातात घेतला आणि म्हणाला, योलीनबद्दल अभिनंदन. तीही म्हणाली, थँक्यू, तुमचंही. मग तो गोलात शिरला. हार्म उठून उभा राहिला आणि हात मिळवला. त्याच्या शेजारच्या बाईने मिळवला. तिच्या शेजारच्याने मिळवला. आमचे लोक असे आहेत, समोर हात आला की हात जातो, डोकं मागून पोचतं. तो कोण हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पोलिसांकडे मी त्याचा फोटो पाहिला होता. पण ओरडायचं सोडून मी खुर्चीला चिकटून बसले. योलीनचा श्वास ऐकू येत होता. आईने आपल्या मांडीकडे बघत त्याला हात दिला, मग योलीनला मुद्दाम शेवटी ठेवत तो माझ्यापुढे आला.

"योलीनबद्दल अभिनंदन, बाई," तो म्हणाला.

मी हात मांडीवरून हलवला नाही. यात शौर्याचं काही नव्हतं. मी ही खुर्ची नुकतीच मिळवली होती आणि आता ती कुणालाही देणार नव्हते, इतकंच माझ्या मनात होतं. "नाही," मी म्हटलं.

वाढदिवसाच्या गोलात हात परत गेलेला त्या खोलीत कुणी कधी पाहिला नसेल. तो हात तसाच धरून उभा राहिला, मग हसला, लोकांकडे बघून म्हणाला की काही गैरसमज झालाय, मी नवरा आहे तिचा. हार्मने आपल्या तळहाताकडे पाहिलं आणि तो पँटला पुसला. मार्निक्स माझ्या डोक्यावरून योलीनकडे वाकला आणि अगदी मायेने म्हणाला, "चल. घरी सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

योलीन त्याच्याकडे बघत नव्हती. ती गोलाकडे बघत होती, एकेका चेहऱ्याकडे, खिडकीपासून दारापर्यंत. मग बोलली. सगळ्यांना ऐकू गेलं.

"फुलं टेबलावर ठेव आणि जा, मार्निक्स. माझ्याकडे पाहुणे आहेत."

तो हलला नाही. हार्म काठीवर भार देऊन उठला. मग त्याच्या शेजारची उठली, मग एकेक करत सगळे. कुणी पुढे आलं नाही, नुसते उभे राहिले. खिडकीबाहेर पोलिसांची गाडी हळू झाली आणि थांबली, कारण बाहेरून सगळं दिसत होतं. त्याने फुलं ठेवली. स्वयंपाकघरातून बाहेर जाईपर्यंत कुणी त्याला हात दिला नाही.

वुबिना फरशीवर बसून रडत होती. मी बोलावलं त्याला आत, ती म्हणत होती, मी त्याचा हात हातात घेतला. माझ्याकडे त्यावर बोलायला पुष्कळ होतं. कडीबद्दल होतं, नियमांबद्दल होतं, एक वाक्य तर तयारच होतं. पण योलीन माझ्या शेजारून उठली, मला ओलांडून गेली आणि फरशीवर तिच्याजवळ बसून तिला कवटाळलं. मी माझ्या खुर्चीत. हात कुणी रोखला होता? मी. आणि डोळे कुणाचे पुसले जात होते?

त्या शनिवारनंतर आमच्या घरात बरंच बदललं. पडदे उघडे राहिले. मागच्या दाराला कुलूप आणि घंटा आली, आणि गल्लीतले लोक दाराबाहेर थांबायला शिकले. ते काम कॅमेऱ्यापेक्षा अवघड होतं. नव्या बाईला आम्ही आता पहिल्याच दिवशी विचारतो की तुझी कुठली माणसं तुला इथे हवीत. नोकरी सोडायला लावत नाही, कुणीतरी सोबत जातं आणि आणतं. ज्यांना खरोखर लपायला हवं त्यांना दुसरीकडे पाठवतो. वाढदिवसाला परत जाणं जवळजवळ थांबलं. प्रांताचे अधिकारी हे बघायला आले आणि त्यांनी विचारलं की ही कल्पना कुणाची. सगळ्यांनी वुबिनाकडे बोट केलं. तिला खिडकीत उभं करून फोटो काढला. नीट पाहिलंत तर कडेला पडदा धरलेला एक हात दिसतो, तो माझा.

योलीन आता दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या घरात राहते, रोपवाटिकेत परत जाते. पुढच्या वाढदिवसाला तिने आम्हा दोघींना बोलावलं. मी मुद्दाम लवकर गेले. त्या भागात मागचं दार आतून बंद असलेलं घर फक्त तिचंच. मी वाजवलं, तिने फटीतून बघून उघडलं. आत खुर्च्या मांडलेल्या, एकीला माळा, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर वुबिनाची पिशवी. बाई माझ्याही आधी येऊन, पिशवी ठेवून, केक आणायला गेली होती.

मी पिशवी उचलली, रेडिएटरजवळच्या खुर्चीवर ठेवली आणि बसले.

वुबिना केक घेऊन आली. तिने पिशवी पाहिली, मग मला पाहिलं. केक टेबलावर ठेवला, हात एप्रनला पुसले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"योलीनबद्दल अभिनंदन, रूल्फीन," ती म्हणाली.

तो हात मी थोडा वेळ ताटकळत ठेवला. मग घेतला.